पैकीच्या पैकी मार्क आणि अर्धी पोळी

मधोमध पिन मारलेली शाळेची वही घ्या. तिच्यातलं एक पान फाडलं की दुसऱ्या अर्ध्यातलं त्याचं जोडपान सुटं होतं आणि चार दिवसांत गळून पडतं. एका खाडाखोडीसाठी सबंध पान फाडून पहिल्यापासून लिहिणाऱ्या एक-दोन मुली बहुतेक वर्गांत सापडतात. वही नीटनेटकी दिसते, बाई लाल पेनाने 'उत्तम' लिहितात आणि वही बारीक बारीक होत जाते.

खाण्याचे विकार, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर, हे मॉडेलिंगवाल्यांचं दुखणं किंवा पैसेवाल्यांच्या मुलींची थेरं, असा आपल्याकडे समज आहे. पण पुण्यात हा आजार सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, कोथरूडच्या क्लासमध्ये, हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत किंवा अरंगेत्रमच्या तालमीतही सुरू होऊ शकतो. मुलगी हुशार, शिस्तीची, घरी कुणाला त्रास न देणारी. सुरुवातीचे काही महिने तिचा आजार गुणासारखा दिसतो, म्हणून तो उशिरा सापडतो.

आधीच सांगायला हवं की परफेक्शनिस्ट, म्हणजे सगळं बिनचूकच हवं असणाऱ्या, मुलींपैकी बहुतेकींना हा आजार होत नाही आणि आजार होणारी प्रत्येक मुलगी परफेक्शनिस्ट नसते. मुलांनाही तो होतो. तरी या दोन गोष्टींचं नातं इतक्या वेळा दिसून आलं आहे, की ते समजलं तर आजार लवकर ओळखता येतो आणि उपचार कुठे अडतात तेही कळतं.

जास्त मार्क हवेत, एवढ्याने कुणी आजारी पडत नाही

'ती फार परफेक्शनिस्ट आहे' हे आपल्याकडे कौतुकाने म्हटलं जातं. १९९० आणि १९९१ मध्ये हा स्वभाव मोजण्याच्या दोन प्रश्नावल्या निघाल्या आणि त्या आजही वापरात आहेत. या एका शब्दाच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांतून पुढे आलं. त्यांतल्या दोन मोठ्या. एक, उंच उद्दिष्ट ठेवणं. दुसरी, चुकीची धास्ती: चुकलं तर लोक काय म्हणतील, केलंय ते बरोबर आहे ना, घरच्यांची मान खाली जाईल का. चिंता आणि नैराश्य यांच्याशी दुसरीचं नातं जास्त घट्ट आहे. खाण्याच्या विकारांत मात्र दोन्हींचा हात दिसतो. २०१७ मध्ये २८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही हेच आढळलं.

उपचारांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी व्याख्या २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या रोझ शाफ्रन, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी मांडली. सोप्या मराठीत ती अशी: स्वतःची किंमत जवळजवळ पूर्णपणे स्वतःच घातलेल्या कडक अटींवर टांगून ठेवायची, आणि त्यापायी नुकसान होत असलं तरी अटी सोडायच्या नाहीत.

हे ओळखायचं कसं? अट पूर्ण झाल्यावर काय होतं ते बघा. ९६ टक्के मिळाले. ज्या मुलीला फक्त चांगले मार्क हवे होते, ती पेढे वाटते आणि झोपते. ही मुलगी म्हणते, 'पेपर सोपाच होता', आणि पुढची अट ९८ची होते. ९४ मिळाले तर 'माझ्यातच काहीतरी कमी आहे'. यश मिळालं की अट फालतू ठरते, अपयश आलं की मुलगी फालतू ठरते. या हिशेबात जमेची बाजूच नाही.

वजनच का?

अशा मनाला आकडा लागतो, आणि मार्कांचा आकडा सोयीचा नाही. तो वर्षातून एक-दोनदा येतो आणि पेपर तपासणाऱ्याच्या हातात असतो. त्यात साताऱ्याहून किंवा लातूरहून पहिली येऊन पुण्यात दाखल झालेल्या मुलीला इथे वर्गातल्या साठपैकी चाळीस जणी आपापल्या गावात पहिल्याच होत्या, असं कळतं. स्पर्धा परीक्षेत तर दोन-तीन वर्षं घालवूनही हातात काही येईल याची खात्री नाही. नोकरीतलं अप्रेझल तर बोलायलाच नको.

वजनकाटा मात्र रोज सकाळी आकडा देतो, दशांश चिन्हासकट. 'मेहनत केली की फळ मिळतं' हे शाळेपासून ऐकलेलं वाक्य बाकी सगळीकडे खोटं पडत असताना इथे पहिले काही आठवडे तंतोतंत खरं ठरतं. वर शाबासकी फुकट. 'काय गं, किती छान बारीक झालीस!' हे वाक्य मावशी, मैत्रिणी, जिमचा ट्रेनर, सगळे म्हणतात. बाकी सगळं हातातून सुटत असताना एक गोष्ट जमते आहे, आणि तिचं कौतुकही होतं आहे.

बारीक असणं म्हणजे सुंदर असणं, हे वातावरण तर आहेच. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात बायोडेटावर उंची-वजन लिहिण्याची पद्धत अजून गेलेली नाही. पण त्या वातावरणात सगळ्याच मुली राहतात. त्यांतल्या काहींनाच आजार का होतो, याच्या उत्तराचा एक भाग स्वभावात आणि एक भाग रक्तात आहे. लंडनमध्ये २००३ साली झालेल्या एका अभ्यासात खाण्याचा विकार असलेल्या स्त्रियांना त्यांच्या लहानपणच्या पाच लक्षणांबद्दल विचारलं: परफेक्शनिझम, हट्टी ताठरपणा, नियमांचा अतिरेक, सततची शंका, आणि सगळं जागच्या जागी लागणं. यांतलं प्रत्येक जादा लक्षण असेल तसतशी आजाराची शक्यता जवळपास सातपट वाढत गेलेली दिसली. अभ्यास लहान होता, त्यामुळे आकडा डोक्यात धरून बसू नये; दिशा लक्षात घ्यावी. जुळ्यांच्या अभ्यासांत ॲनोरेक्सियाचा, म्हणजे खाणं तोडत तोडत शरीर खंगवणाऱ्या विकाराचा, निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा आनुवंशिक दिसतो. २०१९ मध्ये सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात ॲनोरेक्सियाचा संबंध मनाइतकाच शरीरातल्या चयापचयाशीही सापडला. 'आईनेच लाडावून ठेवलं' किंवा 'आईनेच धाक घातला' ही दोन्ही निदानं म्हणूनच बाद.

उपास टिकला तर एक आजार, मोडला तर दुसरा

ॲनोरेक्सियात नियम टिकतात. आधी गोड बंद, मग भात, मग तेल, मग रात्रीचं जेवण. पोळी एकाची अर्धी होते. शरीर खंगलं तरी मुलीला आपण जाडच आहोत असं वाटतं. सगळ्याच मुली 'मला जाड व्हायचं नाही' असं म्हणत नाहीत, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायला हवं. हाँगकाँग आणि भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत, ज्यांची तक्रार फक्त 'पोट भरल्यासारखं वाटतं', 'जेवण जात नाही', 'गॅस होतो' एवढीच असते. अशी मुलगी वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहते.

बुलिमियात नियम तेवढेच कडक असतात, पण ते मोडतात. मग थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, हात थांबत नाही, आणि नंतर भरपाई म्हणून उलटी, जुलाबाच्या गोळ्या, उपास किंवा बेसुमार व्यायाम. आठवड्यातून एकदा, असं तीन महिने चाललं तर निदान होऊ शकतं. भरपाई न करता नुसतं अनावर खाणं असेल तर ते बिंज ईटिंग डिसऑर्डर. ते २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून धरलं जातं. या दोन आजारांत वजन बहुधा नेहमीसारखं किंवा जास्त असतं. 'ही तर चांगली खात्यापित्या घरची दिसते' यावरून काहीही सिद्ध होत नाही.

नियम मोडल्यावर माणूस थोडं जास्त खाण्यावर का थांबत नाही, यावर १९७५ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. ज्या एरवी डाएटच्या फंदात नसत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोट भरलेलं होतं म्हणून. ज्या सतत खाणं आवरून धरत, त्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. 'आजचा दिवस तर गेलाच, आता काय!' हा तो हिशेब. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणून हसतात; पण त्या दुपटीचं कारण खादाडपणापेक्षा एकादशीच्या कडकपणात जास्त आहे. नियम 'थोडं कमी खायचं' असा असता तर एका पेढ्याने तो मोडला नसता. 'गोड अजिबात नाही' हा नियम एका पेढ्याने मोडतो, आणि परफेक्शनिस्ट मनाच्या लेखी मोडलेला नियम आणि फाडलेलं पान यांत फरक नसतो.

त्यात शरीराची भर. दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर संध्याकाळी गोड आणि तेलकट मागणारच. रात्री साडेदहाला हॉस्टेलच्या खोलीत फरसाणाची पिशवी संपते, त्यामागे दुपारी न उघडलेला डबा असतो.

उपासमार स्वतःच स्वभाव बदलते

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. ते स्वयंसेवक होते, लढायला नकार दिलेले. त्यांना सुमारे सहा महिने नेहमीच्या निम्मंच अन्न दिलं. वजन साधारण चौथ्या हिश्श्याने घटलं, ते अपेक्षितच होतं. बाकीचं अनपेक्षित होतं. हे पुरुष पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातलं अन्न तासभर चिवडत बसू लागले, मित्रांत मिसळेनासे झाले, चिडचिडे आणि उदास झाले, एकेका घासाचे विधी करू लागले. अन्न पूर्ववत झाल्यावरही कित्येकांचं खाणं बरेच दिवस ताब्यात येत नव्हतं.

यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, तरी ॲनोरेक्सियाची निम्मी लक्षणं त्यांच्यात उमटली. म्हणजे आजारी मुलीत दिसणारा हट्टीपणा, विधी, रोज घरच्यांसाठी केक करून स्वतः न खाणं, यातलं बरंच काही भुकेने घडवलेलं असतं. परफेक्शनिझम उपासाकडे नेतो, उपास मन आणखी ताठर करतो आणि ताठर मन नियम आणखी आवळतं. म्हणून उपाशी मेंदूला समुपदेशन लागू पडत नाही. आधी अन्न, मग बोलणं.

घरात, मेसमध्ये, टेकडीवर

श्रावणी सोमवार, नवरात्र, चतुर्थी, एकादशी: आपल्या कॅलेंडरात न खाण्याला सन्मानाची जागा आहे, आणि आजाराला तिच्याआड लपता येतं. श्रद्धेने उपास करणारी मुलगी साबुदाण्याची खिचडी आवडीने खाते आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडते. आजारी मुलीचे उपास वाढत जातात, फराळही टळतो आणि उपास सोडायच्या दिवशी ती अस्वस्थ होते. 'ॲसिडिटी आहे', 'ग्लुटेन चालत नाही', 'उशीर झाला, बाहेर खाऊन आले' ही कारणं एकेकटी खरी असू शकतात. सगळी एकाच महिन्यात आली तर कान टवकारावेत.

पुण्यात टेकडीवर जाणं हा चांगलाच छंद आहे. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या. प्रश्न ती किती चढते हा नाही. ताप असताना, पाऊस धो धो कोसळत असताना, पाय मुरगळलेला असताना न जाणं तिला जमतं का, आणि नाही गेली तर त्या दिवशीचं जेवण ती कापते का, हे बघायचं.

जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवणं, गालांच्या मागे कानाखाली आलेली सूज, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, दातांना झिणझिण्या, सतत थंडी वाजणं, केस गळणं, हातापाठीवर बारीक लव, पाळी लांबणं किंवा थांबणं. हे सगळं एकाच मुलीत असेल असं नाही. दोन गोष्टी जुळल्या तरी विचारावं.

विचारायला १९९९ साली इंग्लंडमध्ये तयार झालेले पाच प्रश्न आहेत. पोट अस्वस्थ होईपर्यंत भरलं म्हणून तू मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातेय यावरचा ताबा सुटला, अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलं का? बाकीचे बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का? खाण्याच्या विचारांनी सगळं आयुष्य व्यापलंय असं वाटतं का? दोन 'हो' आले तर डॉक्टरकडे जायचं. हे निदान नाही, फक्त दार ठोठावणं.

तपासणीत काय बघायचं, आणि कुठे चुकतं

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाकडे असो वा घरच्या डॉक्टरांकडे, काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, शरीराचं तापमान, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी. पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर हाडांची घनता. हाडं विशीच्या आसपास जास्तीत जास्त भरतात. त्याच वर्षांत उपासमार झाली तर ती तूट पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका. शरीर बराच काळ रक्तातले आकडे सांभाळून नेतं आणि मग अचानक हात टेकतं. वारंवार उलट्या होत असतील तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याला बारीक असण्याची गरज नसते. दिवसा नाडी ५०च्या खाली, उभं राहिल्यावर भोवळ, छातीत धडधड, पाणीही न टिकणं, एक-दोन दिवस काहीच न खाणं, किंवा जीव द्यायचे विचार, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पळापळीचे खेळ खेळणाऱ्या मुलींची नाडी एरवीही कमी असते, हे कारण देऊन ती वेळ घालवू नये. ॲनोरेक्सिया हा मनोविकारांतल्या सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या आजारांपैकी आहे, आणि त्या मृत्यूंतला सुमारे पाचवा हिस्सा आत्महत्यांचा असतो.

पाळी थांबली की आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग सोनोग्राफी. उपासमारीने पाळी थांबलेल्या मुलीच्या बीजकोशातही पुष्कळ बारीक पुटिका दिसू शकतात. तिचं खाणं कुणी विचारलंच नाही तर निदान होतं पीसीओएस, म्हणजे बीजकोशाचा हॉर्मोनशी निगडित विकार, आणि सल्ला मिळतो 'वजन कमी करा'. ज्या मुलीला हेच ऐकायचं होतं, तिच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी पडली! दुसरी चूक, पाळी 'आणण्यासाठी' हॉर्मोनच्या गोळ्या. त्यांनी दर महिन्याला रक्तस्राव होतो, घरचे निश्चिंत होतात, पण हाडांना संरक्षण मिळत नाही आणि खरी पाळी परतली की नाही ते कळण्याची सोय जाते.

आणखी एक धोका घरातूनच येतो. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलीला प्रेमाने एकदम तुपातला शिरा, मिठाई, पोटभर जेवण देणं. अचानक मिळालेल्या पिष्टमय अन्नाने रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि हृदय, फुफ्फुसं अडचणीत येतात. फार खंगलेल्या मुलीचे पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, अन्न पायरीपायरीने वाढवतच जायला हवेत.

उपचार: ताट आधी

अठराच्या आतल्या, घरी राहणाऱ्या ॲनोरेक्सियाच्या मुलींसाठी सर्वांत जास्त पुरावा असलेली पद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून आली. तिचे तीन टप्पे. पहिल्यात जेवणाचा ताबा पूर्णपणे आईवडिलांकडे. दुसऱ्यात तो हळूहळू मुलीकडे परत. तिसऱ्यात वयाला साजेसे बाकीचे प्रश्न. सहा महिने ते वर्ष, साधारण वीस भेटी.

पहिला टप्पा घरात असा दिसतो. ताट आई किंवा बाबा वाढतात, मुलगी नाही. कोणीतरी एक मोठं माणूस शेजारी बसतं. अर्धा-पाऊण तास. मोबाइल आणि कॅलरीची चर्चा नाही. 'मला कळतंय हे अवघड आहे. तरी हे ताट संपवायचंय. मी बसलेय इथे,' एवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता. वाद आजाराशी असतो आणि आजार वादात नेहमी जिंकतो, म्हणून वाद घालायचाच नाही. जेवणानंतरचा तास पत्ते, टीव्ही, काहीही, पण सोबत. धाकट्या भावाला पहारेकरी करू नका. त्याने फक्त चेष्टामस्करी करावी. आजीला आधीच विश्वासात घ्या, नाहीतर 'राहू दे गं, नको म्हणतेय तर' या एका वाक्याने आठवड्याची मेहनत जाते.

मोठ्या मुलींसाठी फेअरबर्न यांनी विकसित केलेली बोधात्मक वर्तनोपचाराची (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराची, खास पद्धत आहे. वजन फार कमी नसेल तर वीस आठवड्यांत वीस सत्रं, कमी असेल तर साधारण चाळीस. तिचा पाया अगदी साधा आहे: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. साडेसातला क्लास असेल तर आधी दूध-केळं, दहाला पोहे किंवा उपमा, दीडला डबा, पाचला लाडू किंवा चिवडा-चहा, साडेआठला मेसचं पूर्ण ताट. भूक लागली का, हे सुरुवातीला विचारायचंच नाही. भुकेची घंटा बिघडलेली आहे, घड्याळ बघायचं. अनावर खाणं झालं, उलटी झाली, काहीही झालं तरी पुढचं खाणं वेळेवर. इथेच सर्वांत जास्त मुली घसरतात: रात्री जास्त झालं म्हणून सकाळचा नाश्ता चुकवतात, आणि त्या रात्री पुन्हा तेच. वजन आठवड्यातून एकदाच, उपचारकासमोर. उलटी झाली तर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेला दातांचा थर घासला जातो. नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरावी.

औषधांबद्दल थोडक्यात: बुलिमियात फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. ॲनोरेक्सियावर खात्रीचं औषध नाही. तिथे औषध म्हणजे अन्न.

माणसं निवडताना विचारा: असे रुग्ण पूर्वी पाहिलेत का, वजन आणि रक्त कोण बघणार, घरच्यांना कसं सामील करणार, गरज पडली तर दाखल कुठे करणार. चिकित्सा मानसतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती मागायला लाजू नका. पहिल्याच भेटीत कॅलरी मोजायचं ॲप देणारा आहारतज्ज्ञ या आजारासाठी नाही. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात, हेही पॉलिसी चाळताना लक्षात असू द्या.

मग परफेक्शनिझमचं काय?

खाणं थोडं स्थिरावलं, की त्यावर थेट काम करता येतं. कागदावर एक गोल काढायचा आणि 'मी स्वतःला कशावरून मोजते' त्याच्या फोडी करायच्या. वजन आणि मार्क यांनीच तीन चतुर्थांश गोल खाल्लेला असतो. त्या फोडी लहान करण्याच्या मागे लागलं की त्या फुगतात. उपाय उलटा: दुसऱ्या फोडी वाढवायच्या. जिथे कुणी मार्क देत नाही अशा गोष्टी. गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट, बेसूर का होईना पण गाणं, मैत्रिणीसोबत तुळशीबागेत उगाच भटकणं. गाण्याची परीक्षा द्यायचं मनात आलं, तर ओळखायचं की जुनीच फोड नवं नाव घेऊन आली.

दुसरं काम छोट्या प्रयोगांचं. वहीत खाडाखोड करून पान तसंच ठेवायचं. ईमेल तिसऱ्यांदा न वाचता पाठवायची. पोळीचा नकाशा झाला तरी ताटात वाढायची. असाइनमेंट ठरल्या वेळी थांबवून द्यायची. आधी लिहून ठेवायचं की काय भयंकर होईल असं वाटतं, आणि नंतर काय झालं तेही. 'सर माझ्याबद्दल वाईट मत करून घेतील' हे भाकीत आणि 'सरांनी पाहिलंही नाही' हा निकाल शेजारी शेजारी आला, की युक्तिवादाची गरज पडत नाही. 'आपला दर्जा घसरेल' ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. दर्जा बहुधा तसाच राहतो, वेळ मात्र वाचतो.

हा स्वभाव उपचारातही शिरतो, त्याकडे लक्ष ठेवावं लागतं. खाण्याची नोंदवही पाच रंगांच्या पेनांनी भरली जाते. एक जेवण चुकलं की 'उपचार फसले' म्हणून येणं बंद. आणि सर्वांत घातक, 'मी अजून पुरेशी आजारी नाही, इतरांची हालत माझ्यापेक्षा वाईट आहे' हा विचार, म्हणजे आजारातही पहिला नंबर हवा. हे वाचणारी तूच असशील आणि असंच वाटत असेल, तर हे वाटणंच डॉक्टरांकडे जाण्याचं कारण समज.

स्वभाव जन्माचा सोबती म्हणतात. पण २०१०च्या एका अभ्यासात, शरीर, खाणं आणि विचार अशा तिन्ही अंगांनी पूर्ण बऱ्या झालेल्या स्त्रियांचा परफेक्शनिझम कधीच आजारी नसलेल्यांइतकाच होता. अर्धवट बऱ्या झालेल्यांचा मात्र वरच राहिला होता. वजन पूर्ववत झाल्यावर फाइल बंद करू नये, ती याचसाठी.

बरी होत असताना

'चेहरा भरला गं, आता कशी छान दिसतेस!' हे वाक्य नातेवाईक मायेनेच म्हणतात. मुलीला ऐकू येतं 'जाड झालीस'. दिसण्याबद्दल चांगलंही बोलू नका, हा नियम दिवाळीच्या आधी फोन करून काका-काकूंना सांगून ठेवावा. पुरणपोळीच्या दिवशी तिच्या ताटाकडे बघणाऱ्या सहा जोड्या डोळ्यांपेक्षा शेजारी बसून कॉलेजच्या गप्पा मारणारी एक ताई बरी. फराळाचं त्या दिवशी काय आणि किती खायचं, ते आदल्या दिवशीच ठरवलेलं असावं.

आजार उलटण्याची शक्यता पहिल्या वर्षात जास्त असते, आणि घर सोडून हॉस्टेलला जाणं, परीक्षा, लग्न ठरणं या काळात विशेष. ॲडमिशन पुण्यात झाली असेल तर खोली बघायच्या आधी मेस बघा: नाश्ता मिळतो का, रविवारी रात्री बंद असते का, क्लासच्या वेळेशी जेवणाची वेळ जुळते का. रविवार रात्रीसाठी दुसरा डबा लावून ठेवा. पहिले तीन महिने आठवड्याचं वजन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दवाखान्यात, आणि तो आकडा डॉक्टरांकडून घरी कळवला जाईल हे मुलीच्या समोर, तिच्या संमतीने ठरवा. किती उतरलं की एक सेमिस्टर सोडून घरी यायचं, तो आकडाही आत्ताच लिहून ठेवा. नोव्हेंबरात पेपर तोंडावर असताना त्याबद्दल बोलणं कुणालाच जमणार नाही.